अण्णांचा डावा हात

कोडोलीतलं आमचं घर दोनच खोल्यांचं. गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला की ते आणखी लहान वाटायचं, कारण अण्णांच्या अंगाचा वास घरभर भरून राहायचा. जळक्या चिपाडाचा धूर, उसाची मळी आणि ताज्या गुळाचा गोड, किंचित करपट वास. आईनं सदरे कितीही आपटले तरी तो जात नसे. सकाळी आई चुलीपुढं भाकरी थापायची तो थप थप आवाज, परातीवर तिच्या बांगड्यांची किणकिण, आणि दुसऱ्या खोलीत अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून घोंगडीवर बसलेले अण्णा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून ते डाव्या तळहातावर घ्यायचे आणि त्याच्याकडं बघत ओठ हलवायचे. तेवढा वेळ आम्ही मोठ्यानं बोलत नसू. पूजा झाली की ते हाक मारायचे, "शालू, आण गं काकवी." मग गरम भाकरी, तिच्यावर काकवी, बाजूला दही आणि मिरचीचा खर्डा. गोड आणि तिखट एकाच घासात खायची ती सवय मला अजून आहे. मी शिकवते त्या शाळेतल्या बायका हसतात.

अण्णा गुळव्या होते. गुऱ्हाळावर ऊस गाळणारे, चुलवाणाच्या भट्टीत उसाचं चिपाड सारणारे, पाकाची मोठी काहील उतरवणारे पुष्कळ असतात. पण पाक नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस एकच, तो गुळव्या. थोडं आधी उतरवलं तर ढेप पाझरते, थोडं उशिरा उतरवलं तर गूळ काळा पडतो. अण्णा उकळत्या काहिलीतला पाक पळीनं घेऊन गार पाण्यात सोडायचे आणि तो बोटांत धरून त्याची गोळी वळायचे. गोळी वळताना ते कुणाकडंच बघत नसत. सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत उभी असायची. मग ते नुसतं "हं" म्हणायचे आणि आठ माणसं काहिलीला हात घालायची. लहानपणी मला वाटायचं, आमच्या अण्णांच्या "हं"शिवाय गावात गूळ होतच नसणार. ते फार चुकीचंही नव्हतं. आजूबाजूच्या तीन-चार गावांतून त्यांना बोलावणं यायचं.

दुखणं कळलं ते त्या गोळीवरूनच. मी अकरावीत असताना एकदा डबा घेऊन गुऱ्हाळावर गेले, तर अण्णांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आलेले. "भाजलं व्हय?" मी विचारलं. त्यांनी हाताकडं असं पाहिलं, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "आरं, व्हय की. कवा भाजलं काय म्हाईत," ते म्हणाले. भाजलेलं माणसाला कळू नये, याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. त्यांच्या ध्यानात तो आधीच आला असावा, कारण त्या दिवशी मी प्रथमच पाहिलं की ते डाव्या हातानं गोळी वळत होते. उजव्या बोटांना पाक कळेनासा झाल्यावर त्यांनी कुणाला न सांगता डाव्या बोटांना शिकवलं होतं.

पुढं आरोग्य केंद्रातून एक साहेब गावात फिरत आले. गावात त्यांना चट्टेवाले साहेब म्हणत. त्यांनी अण्णांना सदरा काढायला लावला, पाठीवरच्या आणि दंडावरच्या फिकट चट्ट्यांवर पेनाचं टोक टेकवत विचारलं, "डोळे मिटा. कळतंय तिथं बोट ठेवा." अण्णा डोळे मिटून बसून राहिले. टोक पाच-सहा ठिकाणी टेकलं आणि अण्णांचं बोट हललंच नाही. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. साहेब भला माणूस होता. "महारोग म्हणू नका. कुष्ठरोग. औषध फुकट मिळतं आणि हमखास बरा होतो," तो म्हणाला. आईनं "महारोग" तेवढं ऐकलं, "हमखास" ऐकलं नाही.

औषधाची पाकिटं आई गव्हाच्या डब्यात, खाली दडवून ठेवायची. शेजारणींना सांगायची, "त्यास्नी पित्ताचा तरास हाय." लाल कॅप्सूल घेतली की लघवी लाल व्हायची, म्हणून अण्णा परसात फार लांब जायचे. औषधानं हळूहळू त्यांची कातडी काळपट पडत गेली, उशिरा उतरवलेल्या गुळासारखी. ऊन लागतं, चुलवाणाची धग लागते, असं लोकांना सांगून भागलं. पण चट्टे विरत चालले होते हे खरं. त्याच सुमारास मी बारावी पास झाले आणि कोल्हापूरच्या कॉलेजात सायन्सला गेले. आमच्या भावकीत पहिलीच. मी रोज एसटीनं जायची आणि यायची. आमच्याकडं बायकासुद्धा "मी जातो, मी येतो" असंच बोलतात. कॉलेजात पहिल्या दिवशी मी "सर, मी येतो" म्हटलं आणि शहरातल्या पोरी हसल्या. मी घरी येऊन रडले. अण्णा म्हणाले, "हसू दे की. त्यास्नी बोलाय येतंय, तू शिकून घे काय शिकायचं ते." पुस्तकं त्यांना वाचता यायची नाहीत, पण माझ्या हातात पुस्तक असलं की ते रेडिओ बारीक करायचे.

औषधाचं दुसरं वर्ष चाललं होतं तेव्हा एकाएकी अण्णांचे जुने चट्टे लाल होऊन फुगले आणि डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला. हात लावू देईनात. आई त्यांना घेऊन कोल्हापूरच्या बाहेर असलेल्या कुष्ठरोगाच्या हॉस्पिटलात गेली. परत आली ती पांढऱ्या बारीक गोळ्यांची पुडी घेऊन. रोज सकाळी आठ, मग दर पंधरवड्याला एक-एक कमी. "नियमानं घ्या म्हणालीया डॉक्टरीणबाई. मधीच सोडायच्या न्हाईत," आईनं सांगितलं. आठवड्यात ठणका ओसरला. पण अण्णांचं तोंड सुजल्यासारखं गोल झालं, पोटात आग पडायला लागली, मानेवर एक गळू झालं ते भरेना. गुऱ्हाळावर लोक विचारायला लागले, "गुळव्या, दारू प्यायला लागलास की काय?"

आणि मग मी शहाणपणा केला.

कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी त्या गोळ्यांबद्दल वाचलं. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं की ही औषधं शरीराची प्रतिकारशक्ती कमी करतात. वाक्य बरोबर होतं.  आमच्या सरांनी नुकतंच शिकवलं होतं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचं सैन्य. जंतू शिरला की त्या धावून जातात. माझ्या बापाच्या अंगात जंतू होते आणि डॉक्टर त्यांचं सैन्यच मारत होते, असा मी अर्थ लावला. संध्याकाळी अण्णा गुऱ्हाळावरून येऊन पाय धुऊन बसले, तेव्हा मी वही पुढं ठेवून त्यांना समजावलं. "अण्णा, ह्या गोळ्या शक्ती मारत्यात. म्हणून ते गळू बरं हुईना. लाल कॅप्सूल घ्या, तिनं जंतू मरत्यात. ह्या पांढऱ्या बंद करा."

आई म्हणाली, "अगं, पण डॉक्टरीणबाई म्हणालीया..."

"तिला रोज शंभर पेशंट असत्यात. मी पुस्तकात बघितलंय," मी म्हणाले.

अण्णांनी वहीकडं पाहिलं. पेशींची चित्रं काढलेली ती वही त्यांना वाचता येणार नव्हती. "पोरगी शिकतीया कशाला मग?" ते आईला म्हणाले, आणि पुडी त्यांनी कोनाड्यात टाकून दिली.

खरं सांगायचं तर पुढचे दहा-बारा दिवस त्या वर्षातले सगळ्यात सुखाचे होते. पोटातली आग थांबली. तोंडाची सूज उतरायला लागली. एका संध्याकाळी अण्णा केळीच्या पानात गरम गूळ घेऊन आले, त्यात आईनं भाजके शेंगदाणे मिसळले आणि आम्ही तिघं अंगणात बसून ते खाल्लं. अण्णा आईला म्हणाले, "डॉक्टर झाली की गं आपली शालू." मी लाजले. मनातून मला ते पटलंही होतं.

मग कोपराचा ठणका परत आला. पहिल्यापेक्षा वाईट. ताप आला, चट्टे लालभडक झाले. हंगाम भरात होता, तीन काहिली एका दिवसात निघत होत्या, अण्णा कोपराला फडकं बांधून जात राहिले. मी म्हणाले, औषध जंतूंना मारतंय म्हणून दुखत असंल, थोडं सोसा. हेही मीच म्हणाले. पुस्तकात नव्हतं. मला तसं वाटलं.

त्यानंतरची एक सकाळ. आई भाकरी थापत होती, मी वेणी घालत होते. आतल्या खोलीत घोंगडीजवळ खट्ट असा बारीक आवाज झाला, जमिनीवर खडा पडावा तसा. आईचा हात थांबला. मी आत गेले तर अण्णा बसलेले, डावा हात पुढं धरलेला आणि इष्टलिंग खाली जमिनीवर. त्यांनी ते उचललं, कपाळाला लावलं, परत तळहातावर ठेवायला गेले. तळहात सपाट होईना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं, अंगठ्याजवळचं मांस बसल्यासारखं झालं होतं. लिंग घरंगळलं. ते त्यांनी उजव्या हातानं झेललं. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "उघडंना झालाय गं." घरात लिंग खाली पडणं म्हणजे केवढा अपशकुन, हे आमच्या लिंगायत माणसांना सांगावं लागत नाही. आईनं पदर तोंडात घातला. तव्यावरची भाकरी जळाली तरी कुणी हललं नाही.

त्याच दिवशी मी त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीणबाई मधल्या वयाच्या, चष्म्याच्या, आवाजानं कडक. त्यांनी अण्णांचं कोपर चाचपलं. कातडीखाली नस दोरीसारखी जाड झाली होती; बोट लागताच अण्णा कळवळले. बाईंनी कागद उलटून पाहिले आणि विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "मीच की."

"का?"

"पोटात आग पडत हुती."

"मग इथं यायचं. बंद कशाला करायच्या? किती दिवस झाले?"

"झालं असत्याल तीन आठवडं."

बाईंनी कागद मिटून ठेवले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू शिकलेली दिसतेस, नीट ऐक. तुझ्या वडिलांचे जंतू जवळजवळ सगळे मेलेत. औषधानं त्याचं काम केलंय. पण मेलेल्या जंतूंचे तुकडे कातडीत आणि नसांत पडून असतात. इतकी वर्षं शरीराला त्यांचा पत्ताच नव्हता. आता पांढऱ्या पेशींना जाग आली आणि त्या तिथं तुटून पडल्यात. जंतूंनी जेवढं नुकसान केलं नाही तेवढं आता ह्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती करतेय. त्या गोळ्या तिला झोपवून ठेवण्यासाठी होत्या."

मी मान हलवली.  अण्णा बाकावर शांत बसले होते. त्यांना एवढंच समजलं होतं की ओरडा आपल्याला बसला, पोरीला नाही.

कातडीचा छोटा तुकडा तपासायला काढला होता. दुसऱ्या खेपेला त्याचा रिपोर्ट घ्यायला मी लॅबमध्ये गेले. तिथं एक वयस्क तंत्रज्ञ होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. मी सायन्सला आहे कळल्यावर त्यांनी कौतुकानं विचारलं, "बघायचंय?" मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळे ठिपके, दाट, एकावर एक. नानांनी काच किंचित सरकवली. "ही मधी फिकट, लांबट दिसतीया न्हवं, ती बारीक नस. आणि हे ठिपके म्हणजे पेशी. ह्यातल्या काही हुकूम सोडणाऱ्या, काही गिळणाऱ्या. कशा घुसल्यात बघ." नस मधोमध फाटल्यासारखी दिसत होती. तिच्या आतही ठिपके होते.

"आणि जंतू?" मी विचारलं.

"ते दुसऱ्या काचेवर बघितलं मी. नुसता चुरा झालाय. जिता एक बी न्हाय."

"मग ह्या पेशी कुणाला मारायल्यात?"

"मेलेल्यास्नी," नाना म्हणाले. "त्यास्नी काय कळतंय, पोरी? त्या आपलं काम करत्यात."

मी तिथून बाहेर आले आणि नळाखाली तोंड धरलं. अण्णा आवारातल्या झाडाखाली बसले होते. मी येताना दिसले तशी त्यांनी उजव्या हातानं पिशवी उचलली आणि विचारलं, "काय म्हणाले गं?" मी म्हणाले, "औषध नियमानं घ्या म्हणाले." एवढंच म्हणाले. मी गोळ्या सोडायला सांगितल्या होत्या, हे मी ना बाईंना सांगितलं, ना नानांना. अण्णांसमोरही तो विषय काढला नाही.

गोळ्या परत सुरू झाल्या. या वेळी मी स्वतः मोजून हातावर ठेवायची. तोंड सुजलं, पोटात आग पडली, अण्णांनी एकदाही नाही म्हटलं नाही. हॉस्पिटलात त्यांचा हात कोमट मेणात बुडवायचे, बोटांना पट्ट्या लावायचे, तेल लावून बोटं कशी सरळ करायची ते मला शिकवलं होतं. मी कॉलेजातून आले की रोज करायची. ठणका गेला. ताप गेला. बोटं उघडली नाहीत. सहा महिन्यांनी बाईंनी अंगठा आणि पहिल्या बोटात कागद धरायला दिला आणि हलकेच ओढला. कागद निघून आला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्यानंतर मेणाच्या खोलीत आम्हाला कुणी बोलावलं नाही; हातात सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गुऱ्हाळाच्या मालकाला हात बघितल्यावर सांगायची गरज उरली नाही. ते आमच्या दारात आले, घरात आले नाहीत. आई पाणी घेऊन गेली तर म्हणाले, "नको वहिनी, आत्ताच प्यालो." अण्णांना म्हणाले, "गुळव्या, माझ्या मनात काय न्हाय. पर गूळ खायाची चीज हाय. लोक इचारत्यात." मी मधे पडून सांगायला लागले की औषध घेतलेल्या माणसापासून काही पसरत नाही, जंतू मेलेत, मी स्वतः बघितलंय. मालकांनी ऐकून घेतलं. अण्णा म्हणाले, "शालू, आत जा." मग मालकांना म्हणाले, "गोळी बी आता वळत न्हाय, मालक. तुमी बरोबर हाय." ते पुन्हा कुठल्याच गुऱ्हाळावर गेले नाहीत. हंगामात वाऱ्यावर धुराचा वास आला की ते घरात येऊन दार लावून बसायचे. पूजेला ते लिंग पाटावर ठेवून समोर बसू लागले. तसं चालतं, असं मठातले स्वामी म्हणाले होते. अण्णांना ते कधी पटलं नाही.

आता मी पन्नाशी ओलांडलीय. नववीला शास्त्र शिकवते. मध्ये ती साथ आली, तेव्हा जो तो प्रतिकारशक्तीबद्दल बोलत होता, शिक्षक खोलीत कुणी काढा आणायचं, कुणी पावडर, "मॅडम, शक्ती वाढवा." मी घ्यायची आणि बेसिनमध्ये ओतायची. वर्गात तो धडा आला की मी सैन्याचं चित्र काढत नाही. पोरं विचारतात, मॅडम, पुस्तकात तर आहे. मी म्हणते, पुस्तकातलं पाठ करा, परीक्षेत तेच लिहा.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आई वारल्यावर, अण्णांना मी गडमुडशिंगीला माझ्याकडं आणलं होतं. मी तिथल्या शाळेत लागले होते, भाड्याची खोली होती, लग्न झालं नव्हतं. स्थळं यायची, बघून जायची, कुणीतरी कोडोलीत चौकशी करायचं, मग पुढचा निरोप येत नसे. अण्णांना तोवर मोतीबिंदू झाला होता, पायाला न भरणारी जखम होती. सुट्टीच्या एका दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांच्या पायाचं ड्रेसिंग करत होते, आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. लायब्ररीतलं पुस्तक, मी लावलेला उलटा अर्थ, पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू, काचेवर पाहिलेली ती फाटलेली नस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना ते नीट, सोपं करून सांगितलं. "चूक माझी हुती, अण्णा. गोळ्या मी बंद करायला लावल्या. न्हायतर हात ऱ्हायला असता."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. दोन्हींपैकी काहीही माझ्यासाठी पुरेसं होतं. ते मान पुढं काढून, मन लावून ऐकत राहिले. पाक बघताना असायचं तसं त्यांचं तोंड झालं होतं. मी गप्प झाल्यावर ते म्हणाले, "म्हंजे गोळ्या सोडल्यामुळं झालं हे."

"व्हय."

"आन् मग आता धरल्या तर?"

मला कळलं नाही. "काय धरल्या तर?"

"त्याच गोळ्या. आता नियमानं घेतल्या तर?" त्यांचा आवाज बदलला होता. असा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. "तू म्हणतीस तसं असंल तर पेशी झोपल्या की हात उघडाय पायजे की. पोटाचं काय न्हाय, सोसतो मी. उद्या जाऊया का?"

माझ्या हातात पट्टी होती. ती मी गुंडाळली, उलगडली. "न्हाय अण्णा," मी म्हणाले. "त्याचा आता उपयोग न्हाय. नस मेली ती."

"समदी?"

"समदी."

त्यांनी उजव्या हातानं डाव्या हाताची वळलेली बोटं धरली आणि एकेक करून ओढून बघितली. मग सोडली. "बरं," ते म्हणाले, आणि भिंतीकडं कूस करून पडले. मी ड्रेसिंग पुरं केलं.